चराची कड

माझ्या बापानं मला पहिल्यांदा चरात उतरवलं नाही, ढकललं. मला तेव्हा सोळावं सरलं होतं. कुरुंदवाडच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात एका मालकाचा जुना चर गाळानं बुजला होता. मी काठावर उभा राहून खाली बघत होतो. पाणी काळं, वर केंदाळ माजलेलं, त्यात कोंबड्यांची पिसं आणि फुटक्या बाटल्या. मी म्हणालो, "बा, जळवा असतील." बा तंबाखू मळत होता. मळणं न थांबवता त्यानं मला पायानंच लोटलं. छातीएवढ्या घाणीत मी उभाच्या उभा रुतलो. वरनं फावडं येऊन पडलं.

"जळवांस्नीबी पोट असतंय," बा म्हणाला. "लाग कामाला."

आमच्याकडची जमीन काळी आणि भारी. उसाला पाणी पाजून पाजून ती सुजते, खालचं मीठ वर येतं आणि बघता बघता रान पांढरं पडतं. त्यावर एकच उपाय, रानातनं चर काढायचा. पुरुषभर खोल, कधी दीड पुरुष, आणि तो नेऊन ओढ्याला लावायचा. मग रानातलं पाणी चरात निथळतं, चरातलं ओढ्याला जातं, ओढ्याचं नदीला. हे चर सारखे बुजतात. ते उपसणं हेच आमच्या घराचं काम. स्वतःची जमीन आम्हाला चूल मांडण्यापुरतीसुद्धा नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीतलं पाणी काढण्यात आज्याचा जन्म गेला, मग बापाचा.

चरात दिवसभर उभं राहिलं की पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी होऊन सुटते. रात्री त्यावर चुना आणि गोडंतेल लावायचं, सकाळी परत पाण्यात. वरच्या अंगाच्या कुठल्या तरी कारखान्यातनं मळीचं पाणी सुटलं की ती उघडी कातडी भाजून निघायची. एकदा माझ्या फावड्याला फुगलेलं कुत्रं लागलं आणि फुटलं. मी ओकलो. बानं मला त्याच हातानं भाकरी खायला लावली. म्हणाला, आज खाल्ली न्हाईस तर उद्यापण खाणार न्हाईस.

पण काम मात्र त्यानं नीट शिकवलं. चराची कड तिरपी उतरवायची, उभी ठेवायची नाही. उभी कड पाणी पिते, फुगते आणि बसते. मालकांना उभीच कड पाहिजे असायची, कारण तिरप्या कडेत उसाची एक सरी जाते. बा त्यांना हात जोडायचा आणि कड तिरपीच उतरवायचा. ह्या एका बाबतीत तो कुणाचं ऐकायचा नाही.

एकोणिसाव्या वर्षी मी कोल्हापूरला भरतीला गेलो. बाला सांगितलं नव्हतं. तिथल्या साहेबानं माझे तळहात उलटे-सुलटे करून बघितले आणि काय करतोस म्हणून विचारलं. चर काढतो म्हणालो तर तो हसला आणि बाजूच्याला म्हणाला, घ्या ह्याला. मला खोदकामाच्या तुकडीत घातलं. घरी येऊन सांगितल्यावर बा म्हणाला, "तिथंबी खणायचंच हाय व्हय? मग हितं काय वाईट हुतं?"

तुकडीत मला एक जोडीदार मिळाला. निपाणीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. अर्धं मराठी बोलायचा, अर्धं कानडी. माझ्याहून वर्षाभरानं लहान, म्हणून मला अण्णा म्हणायचा. आमचा हवालदार साताऱ्याकडचा होता. मला चार ओळी धड लिहिता येतात त्या त्याच्यामुळं. दुपारी झाडाखाली बसवून तो आम्हा दोघांकडनं पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचा आणि चुकलं की पट्टीनं बोटांच्या पेरांवर मारायचा.

लढाई लागली तेव्हा आम्हाला पूर्वेकडं नेलं. थंडीचे दिवस होते. तिथली जमीन बघून मला गावाकडची आठवण झाली. दोन हात खणलं की पाणी लागायचं. रात्रभरात खंदकात गुडघाभर पाणी साचायचं आणि ते काढायला खंदकाला चर खणावे लागायचे. खांद्याला रायफल असायची, पण हातात फावडंच. अख्ख्या लढाईत मी सातआठ गोळ्या झाडल्या असतील. कुणाला लागल्या का, मला माहीत नाही.

एके दिवशी सकाळी समोरनं तोफा सुरू झाल्या. एका तळ्याचा बांध फुटला आणि सगळं पाणी आमच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर आलं. आमच्या तोफांच्या गाड्यांना त्याच रस्त्यानं पुढं जायचं होतं. चाकं रुतली, गाड्यांची रांग उघड्यावर अडकली. हवालदारानं आम्हा सहा जणांना पाण्याला वाट काढायला लावलं. रस्त्याच्या कडेनं खोल चर मारायचा आणि पाणी पलीकडच्या खाचरात सोडायचं. मी आणि जोडीदार वरच्या तोंडाला होतो. कड उभीच ठेवली. तिरपी घ्यायला वेळ कुणाला होता?

गोळा फार लांब पडला नाही. जमीन हलली आणि जोडीदाराच्या मागची कड सगळी एकदम बसली. मी हातभर बाजूला होतो म्हणून वाचलो. तो उभाच्या उभा गळ्यापर्यंत गाडला गेला. डोकं तेवढं वर. मी फावडं टाकलं आणि हातानं उकरायला लागलो. तेवढ्यात हवालदार वाकून पळत आला.

"फावडं घे. ह्याला वळसा घालून फुडनं चर फोड."

"साहेब, ह्यो हितं..."

"दिसतोय मला. ह्याला काढायला तास जाईल. तासात तिकडं पन्नास मरतील. उठ."

"दोन मिण्टं द्या साहेब. हात तरी मोकळं करतो."

त्यानं माझी कॉलर धरून मला वर ओढलं. अक्षरं चुकल्यावर व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता. "आता परत हात लावलास तर पहिली गोळी तुला घालीन. खण."

मी खणायला लागलो. वीसपंचवीस पावलांवर. जोडीदार शुद्धीवर होता, बोलत होता. "अण्णा, छातीवर लई वज्जं झालंय. एवढी वरची माती काढ की अण्णा." मग नुसतंच अण्णा, अण्णा. चिखलात फावडं मारल्यावर मोठा आवाज होतो. मी मुद्दाम जोरात मारत होतो, हाक ऐकू येऊ नये म्हणून. तरी येत होती. थोड्या वेळानं तो मला हाक मारायचा बंद झाला आणि आईला हाका मारायला लागला. अव्वा, अव्वा. मग शब्द राहिले नाहीत, नुसता घशातला आवाज राहिला. मी मागं वळून बघितलं नाही. त्या सकाळी जेवढी माती मी काढली तेवढी आयुष्यात एका दिवसात कधी काढली नाही.

पाणी फुटलं. रस्ता उघडा पडला. गाड्या गेल्या. गाड्यांवरच्या पोरांनी आमच्याकडं बघून हात हलवले.

त्यानंतर आम्ही त्याला काढला. डोळे उघडेच होते आणि त्यात माती होती. उजवा हात त्यानं मातीतनं कोपरापर्यंत वर आणला होता. नखं निघाली होती. आणखी वीतभर आला असता तर तोंडापर्यंत पोचला असता. हवालदारानं टोपी काढली. मग माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तू खणलंस म्हणून गाड्या गेल्या."

त्या थापेचा मला अभिमान वाटला. हे लिहायला नको, पण वाटला.

लढाई संपल्यावर सुट्टी मिळाली तेव्हा मी त्याच्या गावी गेलो. त्याची आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. मी आलोय म्हटल्यावर तशीच घरी आली. तंबाखूनं हात पिवळे झाले होते. मी सगळं ठरवून गेलो होतो. गोळा पडला, तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलं नाही, असं सांगितलं.

"हाक मारली काय त्यानं?" तिनं विचारलं.

"न्हाय अव्वा. येळच मिळाला न्हाय."

तिनं हात पदराला पुसले. "खोटं बोलतोस. माझं पोरगं पायात काटा मोडला तरी गाव गोळा करायचं."

ते खरं होतं. छावणीत त्याला विंचू चावला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, हल्लाच झाला.

मी खाली मान घातली. तिनं उठून भाकरी टाकल्या, चटणी वाढली आणि मी जेवत असताना समोर उभी राहिली. दोन भाकरी झाल्यावर मी उठायला लागलो तर तिनं तिसरी ताटात टाकली. "खा. तू जित्ता हाईस, तुला भूक लागती." मी ती संपवली. मग ती म्हणाली, "आता जा. ह्या गावात परत दिसू नगंस."

सात वर्षं भरल्यावर मी सुटून गावी आलो. बा तोवर गेला होता. दुसरं काम येत नव्हतं, म्हणून पुन्हा चरात उतरलो. पण आता मी फौजेतनं आलेला माणूस होतो. मालक लोकांनी मला टोळीचा मुकादम केलं. बारा-पंधरा गडी हाताखाली. मला फार दिवस कळलंच नाही, पण हवालदाराचा आवाज मी सोबत घेऊन आलो होतो. माझ्या टोळीत कुणी तंबाखूला थांबायचं नाही. उशिरा आला त्याला सगळ्यात घाण जागा. एकाला ताप होता, तरी मी त्याला पाण्यात उभा केला. म्हणालो, गार पाण्यानं उतरतोय. बाकीचे हसले आणि तो दिवसभर दात वाजवत खणत राहिला. फावड्याच्या दांड्यानं मी किती जणांना मारलं असेल, आठवत नाही. ज्यांनी खाल्लं त्यांना आठवत असेल.

टोळीत एक गडी होता, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्याच्या हाताचं काम बघायला माणसं बांधावर थांबायची. चरात उतरायच्या आधी तो कडेवर तळहातानं थापटायचा, म्हैस विकत घेताना तिच्या पाठीवर थापटतात तसा, आणि कान देऊन ऐकायचा. मला ते आवडायचं नाही. का आवडायचं नाही ते तेव्हा सांगता आलं नसतं. माझ्या बापाला कडेची जेवढी समज होती तेवढी ह्याला होती, आणि मला तिची आठवण नको होती.

दिवाळी आठवड्यावर आली होती. ज्या मालकाचा चर काढत होतो त्याला उसाची लागण करायची घाई होती. त्यानं उभीच कड मागितली आणि मी दिली. ओढा दहा पावलांवर राहिला होता. पावसाळाभर पाणी पिऊन रान अजून जड होतं. सकाळी उतरायच्या आधी गड्यानं थापटून बघितलं, मग वर येऊन गवतात वाकून काही तरी शोधायला लागला.

"मुकादम, हितं भेग पडलीया. कड जरा उतरून घेऊया. मग जातो खाली."

"किती येळ?"

"दुपार जाईल."

मालक बांधावर उभा होता, ऐकत होता. मी त्या गड्याला म्हणालो, "आमी तोफंच्या तोंडात खणलंय लेका. तुला भेगंचं भ्या वाटतंय? बायकूचं लुगडं नेस आणि घरात बस जा."

टोळी हसली. तो हसला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, फावडं उचललं आणि खाली उतरला.

कड बसली तेव्हा तो वाकलेला होता. माती पाठीवर आली. ह्या वेळी मला कुणी अडवणारं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला थोड्याच वेळात बाहेर काढला. श्वास चालू होता. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "माझं पाय कुठं हाईत? पाय काढलं न्हवं माझं?" पाय मातीतनं काढले होते. त्याच्या समोरच होते.

मालक जवळ आला. त्यानं आधी गड्याकडं बघितलं, मग चराकडं. "आज चर वड्याला लागंल न्हवं?"

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाचं पाचट पसरून मी गड्याला त्यावर झोपवला आणि दोन माणसं देऊन कोल्हापूरच्या दवाखान्यात पाठवला. मी सोबत गेलो नाही. बाकीचे खाली उतरायला तयार नव्हते, म्हणून मी स्वतः उतरलो. दिवस मावळायच्या आत चर ओढ्याला लावला. मालक शाब्बास म्हणाला.

गड्याचा कणा मोडला होता. कमरेखाली काही राहिलं नव्हतं. दोन महिन्यांनी त्याला घरी आणलं. आणल्यावर चारपाच दिवसांनी त्याची बायको सकाळी माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मुकादम, उद्यापास्नं सकाळी येत जावा. मला त्यो उचलत न्हाय."

एवढंच बोलली आणि गेली. माझी बायको चुलीपुढं बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "जावा की. तुमीच मोडलाय, तुमीच उचला."

मी अकरा वर्षं जात होतो. रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. त्याला हातावर उचलायचा, मागच्या दारी न्हाणीच्या दगडावर बसवायचा, घाण धुवायची, अंघोळ घालायची, परत अंथरुणावर ठेवायचा. सुरुवातीला भरलेल्या पोत्याएवढा होता. शेवटी शेवटी वाळल्या जळणाच्या भाऱ्याएवढा झाला. पाठीला जखमा पडायच्या, त्यात आळ्या व्हायच्या. त्या मी चिमट्यानं काढायचो. तो मला रोज शिव्या द्यायचा. रोज. आई, बाप, बायको, कुणाला सोडायचा नाही. थुंकायचा. मी वाकलो की माझ्या डोक्याचे केस दोन्ही हातांनी धरून ओढायचा. हात त्याचे शेवटपर्यंत चांगले होते. त्याची बायको आत पीठ मळत असायची. ती कधी त्याला गप्प बस म्हणाली नाही.

एकदा, पाचव्या का सहाव्या वर्षी, तो शिव्या देऊन दमला होता. मी पाणी घालत होतो. का कोण जाणे, मी त्याला जोडीदाराची गोष्ट सांगितली. तोवर ती मी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. गळ्यापर्यंतची माती, हवालदार, अण्णा-अण्णा, अव्वा, नखं, सगळं सांगितलं. सांगताना रडलो असेन. मनात असं होतं की त्याला कळेल, निदान तो तरी काही तरी बोलेल.

तो ऐकत राहिला. मग हसायला लागला. अपघातानंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

"मग तुला सराव हुताच की," तो म्हणाला.

मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. पाणी कढत होतं. विसण घालायचं विसरलो की घातलंच नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. तो किंचाळला. बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. तिनं त्याच्या भाजलेल्या खांद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "उद्या लवकर या. मला बाजाराला जायाचं हाय."

अकराव्या वर्षी थंडीत त्याला ताप भरला आणि तीन दिवसांत तो गेला. मी खांदा द्यायला पुढं झालो तर त्याच्या मुलानं, तोवर तो कबनूरला यंत्रमागावर कामाला लागला होता, मला हातानं बाजूला सारलं. मी मागनं चालत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली आणि पाय सवयीनं त्यांच्या घराकडं वळले. दार लावलेलं होतं. मी कडी वाजवली. आतनं तिचा आवाज आला. "कोण हाय?" मी सांगितलं. दार उघडलं नाही.

आता चर काढायला माणसं लागत नाहीत. पोकलेन मशीन येतं, तासात आमचं आठवड्याचं काम करतं. कुठं कुठं जमिनीखालनं पाइप घालतात, वरनं काही दिसतच नाही. माझी पंच्याहत्तरी उलटली. बायको गेली. पायाची बोटं वाकडी झाली आहेत, चप्पल बसत नाही. हवालदाराचं एक पत्र खूप वर्षांपूर्वी आलं होतं, अक्षर अजून काढतोस का म्हणून. मी उत्तर दिलं नाही. आज हे लिहितोय ते त्याच अक्षरात.

गेल्या महापुरात आमची अख्खी गल्ली नावेतनं हलवली आणि शाळेत ठेवली. वरच्या मजल्यावर एका वर्गात आम्ही तीसएक माणसं. तीही त्याच वर्गात होती, गड्याची बायको. तिचे गुडघे गेले होते. मुलगा पुरामुळं कबनूरला अडकून पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला संडासला जायचं होतं. संडास व्हरांड्याच्या टोकाला. बायका जेवण आणायला खाली गेल्या होत्या. मदतीला आलेल्या एका माणसानं माझ्याकडं बोट दाखवून तिला विचारलं, "आजी, ह्या बाबांला बोलवू काय? तुमच्याच गल्लीचं हाईत न्हवं?"

"त्याला बोलवू नगा," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं.

तो माणूस ओशाळला आणि बायकांना बोलवायला जिन्याकडं गेला. ती थांबली नाही. भिंतीला हात लावून, बसल्या बसल्या, फरशीवर एक एक हात पुढं टेकत सरकायला लागली. दारापर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. लुगड्याचा काठ मागं ओला झाला होता. मी उठलो नाही. तिनं सांगितलं होतं, बोलवू नगा. मी माझ्या चटईवर बसून तिच्याकडं बघत राहिलो आणि वर्गातली बाकीची माणसं माझ्याकडं.